बिडाचा पाइप आणि आबांची अंघोळ

माझा धाकटा भाऊ कुरकुंभच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तो स्वतः भेटेल त्याला पहिल्या दोन मिनिटांत हेच सांगतो. तो जिथे हात लावतो तिथे म्हणे चूक शिल्लक राहत नाही. मी शिरूरला शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे मी जिथे जाते तिथे चूक शोधूनच काढते. अशी दोन गुणी लेकरं पोटी असल्यावर आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, साधी अंघोळ करायला दीड महिना लागला यात नवल नाही.

आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. दौंडला डब्यांच्या दुरुस्तीवर फिटर होते. नोकरीत असतानाच त्यांनी बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत घर बांधलं आणि घराला लागणारं सगळं लोखंड भंगारवाल्यांकडे उन्हातान्हात फिरून, एकेक तुकडा वाजवून निवडलं. स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी गटारात नेणारा पाइपही बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तो मागच्या खोलीत भिंतीच्या पायथ्याने आडवा जातो आणि भिंतीतून बाहेर पडतो. लहानपणी त्याच्यावर पाय देऊन आम्ही खिडकीत चढायचो. त्या पाइपाला कुणी नाव ठेवलेलं आबांना खपत नसे. प्लॅस्टिकच्या पाइपाला ते ‘नळी’ म्हणायचे, आणि तेही अशा आवाजात की ऐकणाऱ्याला आपणच ती विकत घेतली याची लाज वाटावी.

मार्चमध्ये ते परसातल्या न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, टाके निघाले आणि आबा वॉकर घेऊन घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, घरात चालू द्या, गरम पाण्याने अंघोळ करू द्या, पण बसून, आणि न्हाणीचा तो उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. डॉक्टरांचं काम तिथे संपलं.

आमचं सुरू झालं. नोकरीत असताना आबा संध्याकाळी ग्रीसने काळे होऊन घरी यायचे आणि उकळतं पाणी घेऊन अर्धा तास न्हाणीत बसायचे. मे महिन्यातही त्यांचं पाणी असं असायचं की बाकीच्यांनी त्यात चहापत्ती टाकली असती. तो अर्धा तास त्यांचा एकट्याचा. आई होती तेव्हा तीसुद्धा त्या वेळी हाक मारत नसे. निवृत्तीनंतरही हा नेम चुकला नव्हता.

आता भाऊ पहिल्या पाळीला जायच्या आधी त्यांना परसात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचा आणि गॅरेजवाला मोटारसायकल धुतो तसं धुवून काढायचा. पुढून, मागून, वरून, खालून, बारा मिनिटांत. मिनिटांचा आकडा तोच सांगायचा, अभिमानाने. आबा डोळे मिटून घ्यायचे. साबण जाऊ नये म्हणून नव्हे. साबण लावायच्या आधीपासूनच ते मिटलेले असायचे. भावाची पाळी बदलली की एक अटेंडंट यायचा, रबरी हातमोजे घालून.

मे महिन्याच्या सुट्टीत मी दौंडला आले आणि पहिल्याच सकाळी म्हणाले, ‘‘आबा, मी घालते अंघोळ.’’ त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ‘‘तू भाईर जा,’’ एवढंच म्हणाले. मी बाहेर गेले आणि भावाशी भांडले, कारण कुणाशी तरी भांडणं भाग होतं. त्या भांडणातून शॉवर निघाला.

बेत असा की मागच्या खोलीत, जिथे आबांची खाट आहे तिथेच, लोखंडी कपाट हलवून कोपऱ्यात एक छोटी बाथरूम काढायची. उंबरा नाही, पाय न घसरणारी फरशी, धरायला दांडे, बसायला स्टूल, डोक्यावर शॉवर आणि शेजारी गीझर. आबा वॉकर घेऊन चार पावलं चालतील, बसतील, चावी फिरवतील आणि स्वतःची अंघोळ स्वतः करतील. कुणी अंगाला हात लावायला नको. यापलीकडे काहीही नको होतं. मी सगळ्यांना बजावलं, ‘‘काम चालू असताना आबांना काही विचारायला जाऊ नका. त्यांना त्रास नको.’’ मुख्याध्यापिकेचा हुकूम होता, लगेच पाळला गेला.

मग फरशीचा रंग निवडण्यात आठवडा गेला. भावजयीला पिस्ता हवा होता, भावाला करडा. ज्यांच्या पायाखाली ती फरशी येणार होती ते खाटेवर पडून छताकडे बघत होते.

फरशी बसली, गीझर लागला, दारही बसलं. राहिलं होतं फक्त पाणी बाहेर जाणं. नव्या बाथरूमचा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीतून निघून खाटेच्या पायथ्याशी यायचा आणि तिथे जुन्या बिडाच्या पाइपाला मिळायचा. बिडाला त्या जागी एक वीतभर फाटा होता. पूर्वी तिथे आणखी एक मोरी होती, तिच्यात आई भांडी घासायची; ती मोरी बुजवल्यापासून फाट्याच्या तोंडात लाकडी बूच ठोकलेलं होतं. बूच काढायचं, फाट्याला प्लॅस्टिक जोडायचं, झालं. इतकं सोपं की भाऊ म्हणाला, ‘‘आक्का, रविवारी आबा शॉवरखाली.’’ कुठला रविवार ते तो बोलला नाही, म्हणून त्याला खोटं पाडता येत नाही.

प्लंबर आला तो शिक्रापूर गाजवून आलेला. ‘‘म्याडम,’’ तो मला म्हणाला, ‘‘शिक्रापुरात कामगारांच्या खोल्यांना दोनशे संडास बसवलेत म्या. ह्ये तर निस्तं जोडकाम हाय.’’ मग त्याने रद्दी मागितली. मला वाटलं खाली अंथरायला. त्याने परसात रद्दी पेटवली आणि प्लॅस्टिकच्या पाइपाचं टोक त्या जाळावर वांगं भाजावं तसं फिरवून फिरवून शेकलं. टोक मऊ पडलं तसा तो धावत आत आला आणि त्याने ते बिडाच्या फाट्यावर दाबून बसवलं. खोलीभर धूर आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. आबा खोकत उठून बसले.

‘‘आरं, आदी त्या फाट्याचं त्वांड साफ कर की,’’ ते म्हणाले. ‘‘गंजाचे पापुद्रे हायेत.’’

‘‘आबा, तुम्ही आराम करा,’’ प्लंबर म्हणाला. ‘‘टेन्शन घेऊ नका.’’

त्या महिन्यात हे वाक्य आमच्या घरात जेवायला वाढण्यापेक्षा जास्त वेळा बोललं गेलं. प्लंबर बोलला, भाऊ बोलला, भावजय बोलली, भेटायला आलेले बोलले. सगळ्यात जास्त मी बोलले.

जोड बसल्यावर प्लंबरने पिशवीतून नारळ काढला. पहिलं पाणी सोडायच्या आधी फोडायची त्याची रीत होती. आमच्या घरात नारळ चटणीपुरता येतो. आबांनी आयुष्यभर कुणाच्या पाया न पडता दिवस काढले, ते आता पाइपापुढे नारळ बघत होते.

‘‘नारळानं गळती थांबली आसती,’’ ते म्हणाले, ‘‘तर रेल्वेनं फिटर कशापायी ठिवले आसते?’’

नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि संध्याकाळपर्यंत जोडाखाली थाळीएवढं डबकं झालं. प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, बिडातच खोट आहे, ते सगळं उपटून काढा. बीड उपटायचं म्हणजे स्वयंपाकाचा ओटा फोडायचा, खालची फरशी फोडायची आणि भिंतीला भगदाड पाडायचं. फोन स्पीकरवर होता. आबांनी ऐकलं आणि कूस बदलली.

आता क्वालिटी खातं मैदानात उतरलं. भावाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता आखला. कारखान्यात म्हणे पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ कारण सापडतं. पाणी का गळतं? फट आहे म्हणून. फट का आहे? फाटा ओबडधोबड आहे म्हणून. तो ओबडधोबड का? जुना आहे म्हणून. जुना का? आबांनी भंगारातून आणला म्हणून. भंगारातून का आणला? इथे त्याने आबांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. तर पाच ‘का’ विचारून निघालेलं मूळ कारण खाटेवर पडून सगळं ऐकत होतं, आणि उपाय मात्र त्याला न विचारता ठरला.

उपाय असा की जळकं टोक कापायचं, प्लॅस्टिक फाट्याच्या आत घुसवायचं, भोवतीची फट पुट्टीने भरायची, त्यावर पांढरं सिमेंट आणि त्यावर साधं सिमेंट. दोन दिवसांनी खाटेच्या पायथ्याशी वारुळाएवढा गोळा उभा राहिला. त्याला पाणी घालायची पाळीही लावलेली होती. मग टेस्टिंग. भाऊ मोजत होता, भावजय बादल्या ओतत होती, शेजारचे निवृत्त गार्ड खुर्ची टाकून बसले होते. बारा बादल्या गेल्या. खाली पसरलेला कागद कोरडा. भावाने गोळ्यावर मार्करने ‘ओके’ लिहिलं, तारीख टाकली, सही केली, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. यवतच्या मावशीने लगेच हात जोडलेले पाठवले. मीही अंगठा पाठवला, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वॉकर घेऊन आत गेले. त्यांनी गीझर पुरता तापवून घेतला होता. आतून पाण्याचा आवाज यायला लागला आणि माझा जीव इतका भांड्यात पडला की मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. दहा मिनिटांनी ते बाहेर आले. चेहरा लालबुंद, केस ओले, नवा बनियन. दीड महिन्यात प्रथमच ते आमच्या ओळखीचे दिसत होते. त्यांनी वॉकर पुढे टाकला आणि तो सरकला.

गोळ्याला उभी चीर गेली होती. खाटेपर्यंत पाणी आलं होतं, साबणाचं. भावाने झडप घालून त्यांच्या बनियनला धरलं, मी दुसऱ्या बाजूने दंड धरला आणि आम्ही त्यांना खाटेवर बसवलं. ते दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरून बसले होते. माझ्या वडिलांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बारा बादल्या. बाराच्या बारा थंड पाण्याच्या. आबा कढत पाण्याने अंघोळ करतात हे दौंडात आमच्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. मी भावाला विचारलं, गरम पाणी घालून का नाही पाहिलंस? तर म्हणाला, ‘‘टेस्टिंगला उगा लाइट कशाला जाळायची?’’ मला त्याला झोडपायचं होतं, पण तोंड उघडेना. गरम झालं की वस्तू फुगते, गार झाली की आकसते, आणि वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या फुगतात, हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवते. धातूचा गोळा आणि कडं घेऊन प्रयोग करून दाखवते. गरम पाण्याने प्लॅस्टिक फुगणार, सिमेंट जागचं हलणार नाही, मग चीर जाणारच. परीक्षेत मुलांनी हे लिहिलं नाही तर मी गुण कापते.

त्या दिवसापासून आबांनी अंघोळ बंद केली.

‘‘आज नको,’’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आज नको. अटेंडंट आला तर त्याला म्हणाले, ‘‘बाळा, तू जा.’’ परसातल्या खुर्चीत बसायलाही नकार. दौंडचा मे महिना, पत्र्याखालची खोली, आणि आबा अंगाला पावडर चोपडून पडून राहायचे. पाणी कमी प्यायला लागले, म्हणजे उठायला नको. भावाला म्हणाले, ‘‘त्यो कोपरा मोडा आन् कपाट हुतं तिथं ठिवा. तुमाला उगीच तरास.’’ आम्हाला आयुष्यभर अरेतुरे करणारा माणूस आम्हाला ‘तुम्हाला’ म्हणायला लागला होता, पाहुण्याला म्हणतात तसं. आमच्या गल्लीत असे दोन-तीन म्हातारे मी बघितले आहेत. आधी अंघोळ सोडतात, मग दाढी सोडतात, मग खाट सोडत नाहीत. आबांचा एकेक दिवस त्याच वाटेने चालला होता आणि आम्हाला पाइप जोडता येत नव्हता.

मी बाजारात गेले. हार्डवेअरच्या दुकानदाराने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘‘ताई, घरी कोण माणूस न्हाई का? त्यान्ला पाठवा.’’

‘‘घरात माणसं आहेत,’’ मी म्हटलं, ‘‘म्हणूनच मी आले.’’

त्याने प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचे चार-पाच तुकडे काउंटरवर टाकले. बिडाला जोडायचं म्हटल्यावर तो हसला. बीड आता कोण वापरतं, म्हणाला. मी ते तुकडे तिथेच सोडून आले.

सहाव्या दिवशी भाऊ कामावर गेला होता, भावजय माहेरी. मी छिन्नी-हातोडा घेतला आणि तो सही केलेला गोळा फोडायला बसले. काम करायचं म्हणून नव्हे, राग काढायचा म्हणून. घाव कुठेही पडत होते.

‘‘आसं न्हाई,’’ वरून आवाज आला. ‘‘छिन्नी तिरकी धर. बीड हाय ते, येडावाकडा घाव बसला तर काचंवानी फुटंल.’’

‘‘आबा, तुम्ही आराम...’’

‘‘माझा पाय मोडलाय,’’ आबा म्हणाले. ‘‘डोस्कं न्हाई मोडलं.’’

मी हातोडा खाली ठेवला. खोलीत मी आणि ते दोघंच होतो. इतके दिवस या माणसाच्या डोळ्यांपुढे, त्याच्या पायापासून दोन हातांवर, आम्ही त्याच्याच धंद्यातलं काम नासवत होतो. त्याची उभी हयात पाइपांना पाइप जोडण्यात गेली होती. आणि त्याला काही विचारायचं नाही हा हुकूम माझा होता. प्लंबरचा नव्हे, भावाचा नव्हे. मला इतकी लाज वाटली की मी मान वर न करताच विचारलं, ‘‘मग कसं जोडायचं, आबा?’’

त्यांनी सावकाश उठून, पाय खाली सोडून, वॉकर पुढ्यात ओढून घेतला. मग विचारलं, ‘‘डब्याला डबा कशानं जोडत्यात?’’

‘‘कपलिंगने.’’

‘‘ते वढायला. ब्रेकच्या हवेचा पाइप ह्या डब्यातनं त्या डब्यात कसा जातो?’’

मला माहीत नव्हतं. लहानपणी शंभरदा पाहिलं असेल.

‘‘मधी रबराचा पाइप आसतो. लोखंडाला लोखंड जोडलं तर पयल्या वळणाला मोडंल. ह्यो डबा हालतो, त्यो डबा हालतो, रबर दोगांचं सोसतं. टोकाला पट्ट्या आवळायच्या आन् मधी मोकळं ठिवायचं. तुमचं सिमेंट काय कुनाचं सोसंना.’’

मग त्यांनी सुतळी मागितली. इंच आणि मिलिमीटर यांच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या लोखंडाचा इंच वेगळा आणि नव्या नळीचा इंच वेगळा, दुकानदार दोन्हीला दोन इंचीच म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. मी बिडाच्या फाट्याभोवती सुतळी फिरवून गाठ मारली, तशीच प्लॅस्टिकभोवती दुसरी. दोन्ही शेजारी धरल्या तर बिडाची गाठ बोटभर पुढे. त्या बोटभर फरकात आमचा नारळ, आमचा तक्ता आणि आमची बारा बादल्यांची टेस्ट वाहून गेली होती.

‘‘यवतला जा,’’ आबा म्हणाले. ‘‘हायवेला ट्रॅक्टरचा मिस्त्री हाय. त्याच्याकडनं रेडिएटरचा रबरी होज आण वीतभर. मोट्या सुतळीच्या मापाचा, घट. आन् दोन क्लिपा. नळीला सायकलची ट्यूब गुंडाळून जाड करू.’’

मी पर्समध्ये दोन सुतळ्या घेऊन भर उन्हात एसटीने यवतला गेले. मिस्त्रीने सुतळी बघितली, कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, ‘‘कुठला ट्रॅक्टर हाय, म्याडम?’’

‘‘अंघोळीचा,’’ मी म्हटलं. त्याने होज कापून दिला आणि क्लिपा त्याच्या पसंतीच्या दिल्या.

परत आल्यावर सबंध दुपार मी पदर खोचून फरशीवर बसले होते आणि आबा खाटेच्या कडेवर. आधी सिमेंट काढलं, मग फाट्याच्या तोंडचा गंज खरवडला, मग कानस. मी म्हणायचे, झालं. ते म्हणायचे, ‘‘बोट फिरव.’’ बोटाला टोचायचं. ‘‘मग कशाचं झालं?’’ पुन्हा कानस. ‘‘खडू धरल्यावानी धरू नगंस. अंगाचा जोर लाव.’’ मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारत आले आहे. त्या दुपारी मला कळलं की शेरा खाताना कसं वाटतं. चौथ्यांदा त्यांनी स्वतः वाकून, वॉकर धरून, फाट्यावरून बोट फिरवलं आणि काही बोलले नाहीत. काही न बोलणं म्हणजे पास.

प्लॅस्टिकचं टोक सरळ कापलं, ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळली, होज बिडावर चढवला. प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूने आत सरकवलं. ‘‘टोकाला टोक भिडवू नगं. बोटभर फट ठिव, नळीला फुगाय जागा पायजे.’’ क्लिपा आवळताना एकीकडे दोन फेरे, मग दुसरीकडे दोन, असं आलटून पालटून. शेवटचा फेरा त्यांनी माझ्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतः दिला. 

भाऊ पाळी करून आला तो दारातच थांबला. ‘‘आक्का, ह्ये काय? ट्रॅक्टरचा होज? आन् टेस्टिंग?’’

‘‘गीझर लाव,’’ आबा म्हणाले.

दोन बादल्या कढत, एक थंड, पुन्हा दोन कढत. आबांनी जोडाखाली हात धरला, सगळीकडून फिरवला आणि बोटं धोतराला न पुसता आम्हाला दाखवली. कोरडी होती. भावाने खिशातून फोन काढला, आबांनी त्याच्याकडे पाहिलं, भावाने फोन परत ठेवला.

‘‘टावेल द्या,’’ आबा म्हणाले.

ते आत गेले. स्टुलावर बसल्याचा आवाज आला, वॉकर भिंतीला टेकवल्याचा आला, आणि मग आतून कडी लागली.

‘‘आबा, कडी नका लावू!’’ भाऊ ओरडला. ‘‘डॉक्टर काय म्हणले?’’

उत्तर म्हणून शॉवर सुरू झाला.

भाऊ जमिनीवर पालथा पडून बॅटरीने जोड बघत राहिला. मी दाराकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जोड कोरडा होता, हे भाऊ दर मिनिटाला सांगत होता, पण माझं लक्ष पाण्याच्या आवाजावर होतं. तो मधेच बंद झाला की मी उठायचे, पुन्हा सुरू झाला की बसायचे. दोनदा मी दार वाजवायला हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. त्या अर्ध्या तासात मी काहीही केलं नाही. वडिलांसाठी काही न करणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

मग पाणी थांबलं. कडी निघाली आणि दार हातभर उघडलं. आतून वाफ आली. आबा कमरेला टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले होते, दाराकडे पाठ करून. भाऊ लगबगीने उठला.

‘‘तू ऱ्हाऊ दे,’’ ते त्याला म्हणाले, आणि मला हाक मारली. ‘‘पोरी, पाठीला हात पुरत न्हाई. तेवढी चोळून दे.’’

मी आत गेले. त्यांची पाठ केवढी बारीक झाली होती, मणका न् मणका मोजता येत होता. शॉवर चालू केला तर पाणी हाताला चटका देणारं. मी हलक्या हाताने चोळायला लागले.

‘‘जोरात,’’ आबा म्हणाले. ‘‘भिऊ नगंस.’’

मी जोरात चोळायला लागले. मी रडत होते आणि ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान न वळवता खांद्यावरून हात मागे केला. हातात साबणाची वडी होती.

‘‘आदी साबण तर लाव,’’ ते म्हणाले.